पल्याड जायाले

मंडळी, या वेळचा विषय माझ्या नातीने दिलेला आहे. ती सिंगापूरला असते, आठवीत शिकते, आणि रविवारी सकाळी आमची व्हिडिओ कॉलवर गाठ पडते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती ओल्या केसांनीच समोर बसली होती. अंगात नारिंगी जाकीट, हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर कलांग नदीवर कयाक चालवून आली होती. कयाक म्हणजे एका माणसाची हलकी, निमुळती नाव. तिने मला एक नकाशा दाखवला. नाव कुठे पाण्यात उतरवायची, कुठे बाहेर काढायची, कुठवर आले म्हणजे किती किलोमीटर झाले, कुठला पूल बुटका आहे म्हणून डोके सांभाळायचे, सगळे त्यावर खुणा करून लिहिलेले. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही शाळेत शिकवायचात ना, नागपूर नाग नदीच्या काठी वसलंय म्हणून? मग तुमच्याकडे कुठून कुठपर्यंत जाता येतं वल्हवत?"

मी म्हटले, "बघून सांगतो."

पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत हे उत्तर मी हजारदा दिले असेल. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही त्याला मास्तर असेच म्हणतो, आणि मुले दुसऱ्या दिवशी विसरतात. पण ही मुलगी विसरत नाही. त्यामुळे या वेळी खरेच बघायला गेलो. त्याला आता दोन महिने झाले. जे सापडले ते तिच्यासाठी, आणि तुम्हा सर्वांसाठी, इथे मांडतो.

मी राहतो कळमन्याला. कळमना म्हटले की लोकांना बाजार समिती आठवते. धान्याचे ट्रक, संत्र्यांचे ढीग, कांदे, आणि हिवाळा सरता सरता येणारी लाल मिरची. मिरचीच्या दिवसांत वारा आमच्या बाजूचा असला की सकाळच्या फिरण्यात ठसका लागतो आणि डोळे चुरचुरतात. नदी मात्र कळमना म्हटल्यावर कोणालाच आठवत नाही. खरे तर पिवळी नदी आमच्यापासून फार लांब नाही. ती गोरेवाड्याकडून येते, उत्तर नागपुरातून पूर्वेला जाते आणि शहराबाहेर नाग नदीला मिळते. एका सकाळी एका जुन्या सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून पुलापर्यंत गेलो आणि कठड्याला टेकून खाली बघत उभा राहिलो. काळे पाणी, फेस, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि त्या सगळ्यात तपश्चर्या केल्यासारखा उभा असलेला एक बगळा. पाच मिनिटांत एक पोरगा सायकल थांबवून म्हणाला, "काही पडलं का आजोबा खाली?"

त्याचे बरोबरच होते. आमच्याकडे नदीत काही पडल्याशिवाय कोणी तिच्याकडे बघत नाही.

नंतर नाग नदीही पाहिली. ती वाडीजवळच्या लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावात थांबते आणि तिथून पुढे साधारण १७ किलोमीटर शहरातून वाहते. मोक्षधाम तिच्या काठी, गंगाबाई घाट तिच्या काठी. भोसल्यांच्या छत्र्या शुक्रवारीत, तिच्याच परिसरात. थोडक्यात, नागपूरकर नदीकाठी जातो तो बहुधा कोणाला तरी खांदा देऊन. तिसरीच्या भूगोलात जिल्हा शिकवताना 'नागपूर नाग नदीच्या काठी वसले आहे' हे वाक्य मी किती वर्गांकडून घोकून घेतले असेल, त्याची गणती नाही. पण एकाही वर्गाला मी नदी दाखवायला नेले नाही. सहलीला रामटेकला नेले, महाराजबागेत नेले, अंबाझरीलाही नेले. नदीवर नाही. वास येतो, पोरे घसरतील, आईबाप बोलतील... कारणे पुष्कळ होती. असो.

आता नातीच्या प्रश्नाकडे येऊ. मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे नाव चालेल का हे विचारण्याआधी नाव कधी चालली होती का, हे पाहायची सवय.

नाग नदीपुरते उत्तर सोपे आहे. ही नदी मुळात पावसाळी ओढ्याच्या कुळातली. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट बांधला आणि ओढ्याला बांध घालून जुम्मा तलाव केला. तोच आपला शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. पुढे भोसल्यांच्या काळात आणखी तलाव झाले. १८७० साली अंबाझरीचे धरण पुरे होऊन शहराला नळाचे पाणी मिळाले. पिवळीच्या उगमाकडे गोरेवाड्याचा तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. म्हणजे बघा, नागपूरच्या प्रत्येक राज्यकर्त्याने एकच केले: वाहते पाणी अडवले. त्यात चूक नव्हती. कडक उन्हाळ्याच्या गावाला साठवण लागतेच. पण त्यामुळे आपल्याकडे नाव आली ती तलावात. फुटाळा, अंबाझरी, तिकीट काढून दोन फेऱ्या. नदीतून कुठे जायची वाट म्हणून नाग नदीचा कोणी विचार केला नाही.

पण पाणी तिथे संपत नाही. नाग आणि पिवळी मिळून पुढे कन्हानला मिळतात. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. वैनगंगा भंडारा आणि गडचिरोलीकडून खाली उतरते, चपराळ्याजवळ वर्धा नदीला भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. कळमन्याच्या पुलाखालून गेलेली प्लॅस्टिकची पिशवी, कुठे अडकली नाही तर, समुद्रापर्यंत जाऊ शकते. आणि याच वाटेवर एकेकाळी नावांचा रस्ता तयार करायचे काम खरोखर सुरू झाले होते. एक-दोन किलोमीटरचा नव्हे, थेट वऱ्हाड-नागपूरपासून समुद्रापर्यंतचा. ती हकिकत फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. इंग्रजांच्या हाती जे आले त्यात त्यांना सर्वांत मोलाचा होता कापूस. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला. पण तो बंदरापर्यंत न्यायचा कसा? रस्ते नव्हते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जंगलातून थेट मिर्झापूरला जायचे, तिथे गंगेत नावा, मग कलकत्ता. वाटेत पाऊस आला की कापूस भिजे, धूळ बसे, बैल मरत.

त्याच सुमारास खाली आंध्रात सर आर्थर कॉटन नावाच्या इंजिनियरने १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधून दुष्काळी मुलूख हिरवा केला होता. तिकडचे लोक आजही त्याचे पुतळे उभारतात. या कॉटनसाहेबाचे एक ठाम मत होते: हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. त्याच्याच विचाराचा एक तरुण लष्करी इंजिनियर, एफ. टी. हेग, याने वरच्या गोदावरीची पाहणी करून १८५६ साली अहवाल दिला. समुद्रापासून गोदावरी, तिथून प्राणहिता, तिथून वर्धा नदी, असे हिंगणघाटच्या कापसापर्यंत नावांनी जाता येईल. अडचण तीन ठिकाणी. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी, या तीन जागी नदीच्या पात्रात खडकांचे मोठे अडथळे आहेत. तिथे बंधारे घालायचे, बाजूने कालवे काढायचे, आणि पायऱ्या चढाव्यात तशा नावा दरवाज्यांच्या कुंडांतून वर चढवायच्या.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि या योजनेला एकदम भाव आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली. १८६२ पासून इथे चीफ कमिशनर असलेल्या रिचर्ड टेम्पल यांनी ही योजना हिरिरीने उचलून धरली. खडक फुटू लागले, बंधाऱ्याचे चिरे बसू लागले. सिरोंचा तेव्हा 'अपर गोदावरी' नावाच्या जिल्ह्याचे ठिकाण होते. आज ज्या गावाला जायचे म्हणजे नागपूरहून अख्खा दिवस मोडतो, ते गाव या जलमार्गावरचे मोठे नाके होणार होते!

मग काय झाले? तीन गोष्टी झाल्या. पहिली, नदीला पाणी बारमाही नव्हते. पावसाळ्यात आणि नंतरचे काही महिने नाव चाले. उन्हाळ्यात, म्हणजे कापूस बाजारात येऊन गाठी बांधून होईपर्यंत, पात्रात वाळू उरे. दुसरी, दाट जंगल आणि हिवताप. मजूर मिळत नसत, मिळाले तर टिकत नसत. आणि अडथळे पुरते सुटेपर्यंत माल एका नावेतून उतरवायचा, जमिनीवरून वाहायचा, पुन्हा दुसऱ्या नावेत चढवायचा. तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपूरला येऊन ठेपली. गाडीला पाऊस लागत नाही, उन्हाळा लागत नाही. कापसाने तोंड फिरवले ते कायमचे. लाखो पौंड खर्चून झाल्यावर १८७१ मध्ये सरकारने वरच्या गोदावरीचे काम बंद केले. सहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि इथला कापूस इथेच सूत होऊ लागला. जमशेटजींनी जागा निवडली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. म्हणजे पाणी लागले, पण वाट म्हणून नव्हे.

गंमत अशी की कागदावर हा रस्ता अजून जिवंत आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग नोंदले आहेत, त्यात वैनगंगा-प्राणहिताही आहे. हेगसाहेबाने वाचले असते तर त्याला बरे वाटले असते.

मी हे सगळे वाचत होतो तेव्हा मनात सारखे एकच येत होते. हेगचे नकाशे, कॉटनची मते, टेम्पलचे अहवाल, या सगळ्यांत नदी मोजली जाते ती लांबीत. इतके मैल वर, इतके मैल खाली. आजही तसेच. आमच्या नाग नदीसाठी केंद्राने मंजूर केलेली प्रदूषणमुक्तीची योजना दोन हजार कोटींच्या घरातली आहे, जपानच्या कर्जावर आधारलेली. त्याआधीपासून, २०१३ पासून, महापालिका दर उन्हाळ्यात नदीतला गाळ काढते. नाग नदीत एक दिवस नाव चालेल असे पुढाऱ्यांच्या भाषणांत आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यातही नदी असते ती लांबीची: अंबाझरीपासून संगमापर्यंत इतके किलोमीटर. आणि काठावर राहणाऱ्या माणसाला नदी दिसते ती रुंदीत. हा काठ आणि तो काठ.

हे मला आज सुचले असे नाही. हे मला १९७४ सालीच एका पोराने सांगितले होते. मी ऐकले नाही.

माझी पहिली नेमणूक कुही तालुक्यातल्या एका नदीकाठच्या खेड्यात होती. दोन खोल्यांची कौलारू शाळा, समोर एक मोठी चिंच. वस्तीत ढिवरांची बरीच घरे. तोंडी परीक्षा चालू होती, मी विचारले, "नदीचे उपयोग सांगा." पुस्तकातले उत्तर होते: पिण्यासाठी, शेतीसाठी, विजेसाठी. एक ढिवराचा पोरगा उभा राहिला. पायात काही नाही, सदऱ्याला एकच गुंडी. म्हणाला, "पल्याड जायाले, गुर्जी."

वर्ग हसला. मीही हसलो. नुकता बी.ए. होऊन आलेला चोवीस वर्षांचा मास्तर होतो मी. म्हटले, "अरे, नदी असते म्हणून पलीकडे जाता येत नाही. नदी हा अडथळा असतो." आणि शून्य दिले. तो खाली बसला. सकाळी बापाच्या डोंग्यातून पलीकडे वाडीवर जाऊन, भाजीचे टोपले आणून, मग शाळेत येणारा पोरगा होता तो. हे मला वर्षभराने कळले. गुण तेव्हाही बदलले नाहीत. बदलायचे असतात हे मला माहीतच नव्हते.

आज पन्नास वर्षांनी सांगतो, त्या वर्गात नदीबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस तो होता, आणि त्याला शून्य मिळाले. माझ्याकडे पुस्तक होते. हेगसाहेबाकडे नकाशा होता. पुस्तक आणि नकाशा खोटे नव्हते. त्यात फक्त पल्याड जाणारा नव्हता.

दुसरे उदाहरण नातीच्याच गावचे. १९७७ साली ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांगचे पात्र दहा वर्षांत स्वच्छ करायचे ठरवले. तेव्हा तिथे आपल्या नाग-पिवळीसारखीच अवस्था होती: डुकरांची खुराडी, उघडी गटारे, बाजाराची घाण. १९८७ पर्यंत ते काम झाले आणि मासे परत आले. जगभर त्याचे दाखले देतात, आणि द्यावेतच. घरे हलवली तर नवी घरे दिली, फेरीवाल्यांना जागा दिल्या, सांडपाणी नळात घेतले. आधी हे, मग नदी. पण त्याच कामात १९८३ मध्ये नदीतून माल वाहणाऱ्या नावाही हलवल्या गेल्या. शंभर-दीडशे वर्षे ज्यांच्या वल्ह्यांवर ते बंदर वाढले, ते नावाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. नदी स्वच्छ झाली आणि तिच्यावर पहिल्यापासून असलेली माणसे तिच्यावरून उतरली. आता तिथे पर्यटकांच्या नावा आहेत, आणि रविवारी माझी नात. मी तिच्या आनंदात माती कालवत नाही. फक्त तिने वल्हे मारताना हे माहीत असू द्यावे.

जानेवारीत आम्ही दोघे म्हातारे एक गाडी ठरवून आंभोऱ्याला गेलो. पाच नद्यांचा संगम म्हणतात तिथे. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला असे आमच्याकडे मानतात. आंबाजोगाईकरही त्यावर हक्क सांगतात, तो वाद आज नको. मी नोकरीला होतो तेव्हा इथे खडक आणि वाहता प्रवाह होता. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे धरण भरू लागले, पाणी मागे चढत गेले आणि कुही, भिवापूर, पवनीकडची कितीतरी गावे उठली. माझे शाळेचे गावही त्यात गेले. लोक पुनर्वसनाच्या वसाहतीत गेले, चौकोनी प्लॉटांत. आज संगमावर समुद्रासारखे पाणी दिसते, वर तारांनी तोललेला नवा पूल आहे आणि जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्पही सरकारने हाती घेतला आहे. हेगसाहेबाला जे मिळाले नाही ते इथे आहे: खोल, शांत, जवळजवळ बारमाही पाणी. नातीला सांगायचे उत्तर इथे आहे असे मला वाटले.

एका नावाड्याला विचारले, नेशील का थोडे आत. वय माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी कमी. त्याने बसवले. मी विचारले, "किती लांब जाता येतं रे इथून?"

"जिथवर म्हणाल तिथवर जाते, बाबूजी. पण ह्या अंगानं नाही. तिकडं चिंचेचं खोड हाये पाण्यात. मे महिन्यात पाणी उतरलं का डोंग्याले लागते. म्हणून असा वळसा घ्या लागते."

आणि त्याने नाव वळवली. कुठली चिंच, मी विचारले नाही. त्या भागात चिंचा पुष्कळ होत्या.

परत येताना काठावर मजूर बायांची एक टोळी दिसली. डोक्याला फडकी, हातात डबे. मिरचीच्या तोड्यावरून पलीकडून आल्या होत्या, डोंग्यातून. मला एकदम जानेवारी २०२४ ची बातमी आठवली. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, याच वैनगंगेच्या पात्रात नाव उलटली होती. मिरची तोडायला पलीकडच्या काठावर निघालेल्या बाया बुडाल्या. मिरचीचे ते दिवस आणि आमच्या कळमन्यात ठसका लागायचे दिवस एकच. त्या बातमीच्या आठवड्यातही मी सकाळी नाकाला रुमाल लावून फिरून आलो होतो आणि बाजार समितीच्या नावाने कुरकुरलो होतो. ती मिरची काठ ओलांडून येते, हे मी कधी मनात आणले नव्हते.

सिंगापूरच्या एक्का नावेत बसलेल्या माझ्या नातीच्या अंगात जाकीट होते. ती मजेसाठी पाण्यात होती, म्हणून तिची काळजी घेणारे चार जण काठावर उभे होते. रोजीसाठी पाण्यात उतरणाऱ्याच्या डोंग्यात मी तरी आजवर कधी जाकीट पाहिले नाही.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे.

नाग नदीतून आज वल्हवत कुठेच जाता येत नाही. आणि सांडपाणी पूर्ण बंद झाले तरी लगेच जाता येईल असे समजू नकोस. ही गोष्ट भाषणात कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. उन्हाळ्यात नाग नदीत जे वाहते ते जवळजवळ सगळे सांडपाणीच आहे. तिचे स्वतःचे पाणी वर तलावांत अडलेले. सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना देतात, तेही चांगलेच आहे. पण मग नदीत काय उरेल? कोरडे, स्वच्छ पात्र. हेगसाहेबाची नाव खडकाला अडली, त्याहून जास्त उन्हाळ्याला अडली. म्हणून आधी हे ठरायला हवे की नदीला तिच्या वाटणीचे थोडे पाणी सोडायचे की नाही. ते सुटेपर्यंत नाग नदीला नाव नको, पायवाट पुरे. अंबाझरीपासून संगमापर्यंत काठाने चालता येईल, बाकावर बसता येईल, शाळेची पोरे रांगेने नेता येतील अशी. लोक नदीकडे बघू लागले की तिच्यात टाकणे आपोआप कमी होईल, असे मला वाटते. निदान कोणी कठड्याशी उभा राहिला तर पोरे काय पडले म्हणून विचारणार नाहीत.

नावेची वाट हवी तर ती खाली, कन्हान-वैनगंगेच्या पाण्यावर. तिथे पाणी आहे, आणि वाट माहीत असलेली माणसेही आहेत. पण त्या वाटेचा नकाशा काढताना आधी डोंगेवाल्याला विचारावे. खोड कुठे, खडक कुठे, मे महिन्यात वळसा कुठून. तुझ्या नकाशावरच्या खुणा त्याच्या डोक्यात आहेत, कोणी कागदावर उतरवून घेतल्या नाहीत इतकेच. आणि पहिला धक्का बांधला जाईल तो पलीकडे कामाला जाणाऱ्यांसाठी असावा. पहिली पन्नास जाकिटे आली तर तीही त्यांच्यासाठी. ती घातलेल्या बाया रोज सुखरूप पल्याड जाऊन परत येऊ लागल्या, की मग तू ये. आपण दोघे वल्हवत जाऊ. माझे गुडघे तोवर टिकले तर.

आणि एक शेवटचे. तोंडी परीक्षेचा तो कागद कुठेच नसणार. शाळा पाण्याखाली आहे. तो पोरगा आता साठीच्या आसपास असेल, कुठे असेल ठाऊक नाही. पण गुण देण्याचा अधिकार मास्तराला मरेपर्यंत असतो असे मी मानतो.

नदीचा उपयोग : पल्याड जायाले. दहापैकी दहा.